बटण दाबल्यावर काय होतं

बटण दाबल्यापासून विंडोजचं चित्र उमटेपर्यंत संगणकाच्या पेटीत काय काय घडतं, हे आपल्याकडं कुणी नीट सांगत नाही. एमएस-सीआयटीच्या वर्गात माउस धरायला शिकवलं, वर्ड-एक्सेल शिकवलं, इनपुट-आउटपुट डिव्हाइसची नावं पाठ करून घेतली. 2001 साली हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि सरकारी नोकरीला तो लागतो म्हणून आमच्या बुलडाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा शहरांतच नव्हे, तर बाजाराच्या मोठ्या खेड्यांतही वर्ग निघाले. एक अख्खी पिढी त्यातून संगणकाला बसली, ही लहान गोष्ट नाही. पण संगणक सुरूच झाला नाही तर काय पाहायचं, हे शिकवायचं राहून गेलं. चिखलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मी रोज त्याच राहून गेलेल्या भागाशी झटतो.

आमच्याकडं लोक मोटारसायकलवर दोघं येतात. मागचा माणूस चादरीत गुंडाळलेली पेटी मांडीवर धरून बसलेला असतो. "भाऊ, सीपीयू चालू होऊन नाही राहिला, पाहा बरं." पेटीला सगळे सीपीयूच म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर. मदरबोर्डवर पंख्याखाली दडलेली, बिस्किटाहून लहान चौकोनी चिप. मी कुणाचा शब्द दुरुस्त करत बसत नाही. मी एकच विचारतो : सुरू केल्यावर कुठपर्यंत जातो आणि कुठं थांबतो? याचं उत्तर फार थोड्यांना देता येतं. पंखा फिरला का, आवाज आला का, पडद्यावर काही अक्षरं आली का, कंपनीचं चिन्ह दिसलं का, यातलं काहीच कुणी पाहिलेलं नसतं. "सुरू होत नाही" एवढंच. आणि सोबतच्या माणसानं वाटेतच निदान करून टाकलेलं असतं, "विंडोज मारून घ्या, होऊन जाईल."

या "विंडोज मारून घ्या"नं आमच्या जिल्ह्यात लोकांचं जेवढं नुकसान केलं, तेवढं वीज पडूनही झालं नसेल असं मी मनापासून म्हणतो. म्हणून पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी विजेची. भिंतीतून येणारी 230 व्होल्टची वीज पेटीतला एसएमपीएस, म्हणजे ज्याला आम्ही नुसतं सप्लाय म्हणतो तो डबा, 12, 5 आणि 3.3 व्होल्टमध्ये बदलून देतो. संगणक बंद असला तरी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू असेल तर या डब्यातून 5 व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्डला सतत मिळत असते. ती असते म्हणूनच समोरचं बटण दाबल्याची खबर मदरबोर्डला कळते आणि तो सप्लायला पूर्ण जागं व्हायला सांगतो. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की सप्लाय 'पॉवर गुड' नावाचा एक इशारा पाठवतो. याला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो, पण तो इशारा येईपर्यंत प्रोसेसरला थांबवून धरलेलं असतं. व्होल्टेज डळमळीत असताना प्रोसेसरनं काम सुरू करू नये, यासाठी ही सोय आहे.

आमच्याकडं व्होल्टेज डळमळीतच असतं. हरभरा-गव्हाच्या दिवसांत विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की खेड्यातला बल्ब पिवळा पडतो, आणि त्या वेळी पेटीचा पंखा एकदा थरथरून थांबला, तर दोष पेटीत आहे असं समजू नये. आधी मल्टीमीटर घेऊन भिंतीतला सॉकेट तपासावा. अर्थिंगही पाहावं. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसायला लागले तर काहीतरी गडबड आहे. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मार्चपर्यंत बरं चाललेलं अर्थिंग मे महिन्यात कुचकामी होतं. त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घाला, हा सल्ला मी प्रत्येक सेवा केंद्राला देतो. जुन्या सप्लायला पाठीमागं 115 आणि 230 असं लिहिलेली लाल पट्टी असायची. शाळेतल्या पोरांनी ती खेळता खेळता 115 वर सरकवली आणि बटण दाबताच धडाका झाला, असं जुन्या काळात पाहायला मिळायचं.

वीज ठीक असेल तर दुसरी पायरी. प्रोसेसर जागा होतो, पण त्याला स्वतःचं असं काहीच येत नसतं. तो मदरबोर्डवरच्या एका ठरलेल्या चिपकडं जातो आणि तिथं लिहिलेल्या सूचना वाचायला लागतो. ही चिप म्हणजे बायोस. नव्या यंत्रांत तिची जागा यूईएफआयनं घेतली आहे, तरी बोलण्यात सगळे बायोसच म्हणतात. बायोस पहिलं काम करतो ते तपासणीचं. रॅम आहे का, डिस्प्ले कार्ड आहे का, कीबोर्ड आहे का. याला पोस्ट म्हणतात. सगळं जागेवर असेल तर जुने मदरबोर्ड एक बारीक 'टिक' असा बीप देत. नसेल तर बीपची भाषा बदलते. पुष्कळ जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची अडचण, आणि सारखा वाजतच राहिला तर बहुतेक वेळा रॅम. हा आवाज फोनवर मला नीट ऐकवला तर अर्धं काम फोनवरच होतं.

जून महिना माझ्यासाठी रॅमचा महिना असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांच्या संगणक कक्षांना कुलूप लागतं. दोन महिने धूळ, मग पहिल्या पावसाचा दमटपणा. शाळा उघडते आणि एका रांगेतले निम्मे संगणक पंखे फिरवतात पण पडदा काळाच ठेवतात. रॅमच्या पट्टीला सोनेरी दात असतात, त्यांवर एक पुसट थर चढतो आणि खाचेशी नीट संपर्क होत नाही. बोर्डाची वीज काढायची, पट्टी दोन्ही बाजूंच्या कडा दाबून बाहेर घ्यायची, दातांवर स्वच्छ पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवायचा, ब्रशनं भुकटी झाडायची आणि दोन्ही कडांना 'कट' असा आवाज येईपर्यंत परत बसवायची. एवढंच. डीडीआर3 च्या पट्टीला 240 दात असतात आणि डीडीआर4 ला 288. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असल्यानं एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जोर लावून बसवायचा मोह मात्र टाळावा.

याच पायरीवर एक लहानसा सेल असतो, आणि त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

मदरबोर्डवर नाण्याएवढा चपटा सेल दिसतो. त्यावर सीआर2032 असं लिहिलेलं असतं. 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड, म्हणून 2032. हा 3 व्होल्टचा सेल संगणक बंद असतानाही तारीख-वेळ चालू ठेवतो आणि बायोसमध्ये आपण केलेल्या नोंदी जपतो. भिंतीचं बटण चालू असेल तोवर सप्लायची ती बारीक धार हे काम करते. वीज गेली किंवा बटण बंद केलं की सगळा भार सेलवर येतो. आता आमच्या जिल्ह्याचा विचार करा. 2005 नंतरच्या काही वर्षांत खेड्यांत दिवसाला दहा-दहा तास लोडशेडिंग होतं. आजही काम झालं की बोर्ड बंद करायची सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण त्यामुळं शहरातल्या संगणकात वर्षानुवर्षं टिकणारा सेल आमच्याकडं लवकर उतरतो.

तो उतरला की पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' असं काहीतरी येतं आणि 'एफ वन दाबा' अशी सूचना येते. लोक एफ वन दाबतात, विंडोज उघडतं, सगळे खूश. पण तारीख मात्र मदरबोर्डच्या कारखान्यातली झालेली असते, दहा-बारा वर्षं मागची. इथून खरा गोंधळ सुरू होतो. मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यातून सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराचा फोन आला होता. दहावी-बारावीचे निकाल लागलेले, उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमिलेयरच्या दाखल्यांसाठी दारात रांग, आणि सरकारी पोर्टल उघडेना. गुगलही उघडेना. पडद्यावर 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असा लाल इशारा. नेटवाला येऊन गेला, राउटर बदलून गेला. मग गावातल्याच कुणीतरी विंडोज मारायचा सल्ला दिला.

मी त्याला उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगितली. ती 2010 मधली निघाली. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवायला एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवतं. त्या प्रमाणपत्रावर कधीपासून कधीपर्यंत चालेल याच्या तारखा असतात. संगणकाला वाटत होतं आज 2010 साल आहे, आणि समोर आलेलं प्रमाणपत्र तर अजून कित्येक वर्षांनी सुरू होणारं. म्हणून त्यानं दार बंद केलं. त्यानं आपलं काम चोखच केलं होतं. तारीख नीट केली, पोर्टल उघडलं, दुसऱ्या दिवशी मी पंचवीस-तीस रुपयांचा सेल घालून आलो. रांगेतल्या पोरांचे प्रवेश एका सेलसाठी अडकले होते, ही गोष्ट मी अजून प्रत्येक केंद्रचालकाला सांगतो. जुलैअखेरीस पीक विम्याची गर्दी असते. 2023 च्या खरिपात एक रुपयात विमा मिळायला लागला तेव्हा तर रात्री उशिरापर्यंत अर्ज भरले जात होते. अशा वेळी कपाटात एक जास्तीचा सीआर2032 असावा.

सेल उतरण्याचा आणखी एक त्रास आहे आणि तो तंत्रज्ञांनाही फसवतो. सेल गेला की बायोसच्या नोंदी मूळ पदावर जातात. त्यात डिस्कशी बोलायची पद्धतही असते. काही जुन्या मदरबोर्डांत ती एएचसीआयवरून परत आयडीईवर जाते, आणि मग विंडोज 7 चं चिन्ह येता येताच निळा पडदा येतो, शेवटी 7बी असा क्रमांक असलेला. विंडोज खराब झालंय अशी खात्री पटावी असाच तो प्रकार दिसतो. खरं तर बायोसमध्ये जाऊन ती एक नोंद परत एएचसीआय केली की यंत्र जसंच्या तसं उघडतं. असे संगणक नाहक पुसले गेलेले मी पाहिले आहेत.

घाटाखाली वेगळंच दुखणं. बुलडाणा शहर उंचावर, हवा थंड. पण राजूर घाट उतरून मलकापूरकडं किंवा बोथ्याच्या घाटानं खामगावकडं गेलं की मे महिन्यात 44-45 अंशांची झळ अंगावर येते. खामगाव कापसाचं जुनं गाव. तिथल्या एका जिनिंगमधला संगणक सुरू व्हायचा, विंडोज उघडायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडायचा. दोनदा विंडोज मारून झालं होतं. मी पेटी उघडली तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये, सरकीला चिकटते तशी कापसाची दाट गादी बसलेली. हवा जायला जागाच नव्हती. प्रोसेसर ठरावीक तापमानापुढं गेला की स्वतःला वाचवायला यंत्र बंद करतो. ब्लोअरनं कापूस काढला, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. सुरू होऊन नंतर बंद पडणं आणि सुरूच न होणं, या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडं नाही.

तिसरी पायरी डिस्कची. पोस्ट झालं की बायोस यादी पाहतो : आधी कुठं शोधायचं, मग कुठं. या यादीला बूट ऑर्डर म्हणतात. जुन्या पद्धतीत तो डिस्कचा पहिला 512 बाइटचा तुकडा वाचतो आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली खूण पाहतो. खूण असेल तर त्या तुकड्यातला लहानसा प्रोग्राम चालवतो, तो पुढच्याला उठवतो, आणि शेवटी विंडोज उठतं. यूईएफआयमध्ये पहिल्या तुकड्याऐवजी डिस्कवरच्या एका खास लहान विभागातली फाइल उघडली जाते. फ्लॉपीच्या काळी 1.44 एमबीची फ्लॉपी आत राहिली तरी संगणक अडायचा, आणि पेन ड्राइव्हच्या काळातही तेच होतं.

मेहकरकडचे एक निवृत्त गुरुजी. आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून त्यांनी वह्यांत उतरवल्या होत्या आणि मग स्वतः, एकेका बोटानं, संगणकावर टाइप केल्या होत्या. कित्येक वर्षांचं काम. एका सकाळी पडद्यावर काळ्यावर पांढरी ओळ आली, 'एनटीएलडीआर इज मिसिंग'. त्यांनी पेटी एका दुकानात नेली. तिथं न विचारता सगळी डिस्क पुसून नवं एक्सपी टाकून दिलं. गुरुजी घरी आले, सगळं जोडलं, आणि संध्याकाळी तीच ओळ पुन्हा आली. मग ते माझ्याकडं आले. मी विचारलं, पेटीला आणखी काय काय जोडलेलं असतं? म्हणाले, "पेन ड्राइव्ह असते ना, तिच्यात भजनं आहेत." बूट ऑर्डरमध्ये यूएसबी पहिल्या नंबरवर होतं. संगणक डिस्कपर्यंत पोचतच नव्हता. पेन ड्राइव्हकडं विंडोज मागत होता आणि तिथं ते नाही म्हणून सांगत होता. पेन ड्राइव्ह काढली, यंत्र उघडलं. पहिल्या दिवशीही एवढंच करायचं होतं.

ओव्यांचं काय झालं ते सांगतो. घाईचं फॉरमॅट केलं की डिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही, त्याची नोंदवही पुसली जाते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पानं राहतात, तसं. पण त्यावर नवं विंडोज टाकलं की त्याच्या फाइली रिकाम्या दिसणाऱ्या जागांवर जाऊन बसतात, आणि जुनी पानं कायमची जातात. मी ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, तिच्यावर एक अक्षरही न लिहिता, तुकडे शोधणारा प्रोग्राम रात्रभर चालवला. बऱ्याच फाइली आल्या, पण नावाशिवाय; काही अर्ध्याच. गुरुजींनी वह्या काढून पुन्हा जुळवाजुळव केली. ज्या ओव्या वहीत न उतरवता थेट टाइप केल्या होत्या, त्यांतल्या काही परत आल्या नाहीत. त्या सांगणाऱ्या बायांपैकी काही तोवर गेल्या होत्या.

त्या वेळी फिरणारी चकती असलेली डिस्क होती, म्हणून एवढं तरी हाती लागलं. आता एसएसडी आहे. तिच्यात ट्रिम नावाची सोय असते. फाइल पुसली किंवा फॉरमॅट केलं की ती जागा खरोखरच रिकामी करायला विंडोज एसएसडीला सांगून टाकतं. मग रात्रभर प्रोग्राम चालवूनही काही मिळत नाही. एसएसडीमुळं जुनी यंत्रंही चटकन सुरू होतात आणि मी ती सगळ्यांना सुचवतो, पण तिच्यावर चुकून केलेलं फॉरमॅट बहुधा कायमचं असतं.

हे आत्ता लिहायचं कारण आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, आणि शाळा, पतसंस्था, सेवा केंद्रं, घरं, सगळीकडून नवं विंडोज टाकून घ्यायला पेट्या निघाल्या आहेत. विंडोज 11 ला यूईएफआय आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. पुष्कळ संगणकांत डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असते, तिला यूईएफआयसाठी जीपीटी पद्धतीत बदलावं लागतं, आणि "त्यासाठी सगळं पुसावंच लागेल" असं सर्रास सांगितलं जातं. विंडोज 10 मध्येच एमबीआर2जीपीटी नावाचं साधन आहे. यंत्र त्यात बसत असेल तर डेटा न पुसता हे काम होतं. तरीही आधी प्रत काढलेली बरी.

माझ्या धंद्यातल्या भावांना वाईट वाटेल, पण फॉरमॅट हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत आळशी इलाज आहे. त्याला निदान लागत नाही. मी स्वतः तो करतो, पण आधीच्या सगळ्या पायऱ्या तपासून झाल्यावर, आणि माणसाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर त्याला उघडून दाखवल्यावरच. ज्या डिस्कमधून टिकटिक असा आवाज येतो तिला तर मी पुन्हा पुन्हा सुरूही करत नाही; प्रत्येक वेळी ती आणखी खराब होऊ शकते.

तुमचा संगणक सुरू झाला नाही तर आधी सगळे पेन ड्राइव्ह काढा. भिंतीत वीज नीट येते का पाहा. पुन्हा बटण दाबा आणि पंखा, बीप, पडद्यावरची अक्षरं, कंपनीचं चिन्ह, विंडोजचं चिन्ह यांपैकी कुठपर्यंत गाडी आली ते लक्षात ठेवा. जी ओळ दिसेल तिचा मोबाइलवर फोटो काढा. विंडोज उघडलंच तर कोपऱ्यातली तारीख वाचा. मग पेटी दुकानात न्या, माझ्या किंवा कुणाच्याही, आणि पहिलं वाक्य हे बोला : आधी माझा डेटा दुसरीकडं काढून मला उघडून दाखवा, त्याशिवाय काहीही पुसू नका.